कांचनभाभींचे भोंगे

कांचनभाभींकडे मी पहिल्यांदा गेलो तो भांडायच्या तयारीनंच. ग्रामपंचायतीचा स्पीकर दुरुस्तीला देऊन पंधरा दिवस झाले होते, ग्रामसभा तोंडावर आली होती, आणि शिपायाला पाठवलं की तो दर वेळी एकच निरोप घेऊन यायचा, "साहेबांना स्वतः यायला सांगा."

मी तेव्हा घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका गावाचा ग्रामसेवक होतो. गाव म्हणजे एकाखाली एक अशा तीन वाड्या. वरची, मधली, खालची. मागे उभा कडा, कड्याच्या पायथ्याशी मातीचा उतार, आणि त्या उतारावर वरच्या वाडीची नऊ घरं. खाली भाताची खाचरं. मोबाइलला रेंज मिळायची ती खालच्या वाडीत, तीही एका दगडावर उभं राहिलं तर. त्यामुळे गावाला काही सांगायचं असलं की स्पीकरशिवाय इलाज नव्हता.

दुकान घोडेगावच्या बाजारपेठेत होतं. पुढच्या बाजूला त्यांचे यजमान वायरी, बल्ब, पंखे विकायचे. मागच्या खोलीत खिडकीखाली सतरंजी टाकून कांचनभाभी बसायच्या. घर मारवाडी जैनांचं, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या. घरात बोलणंसुद्धा मराठीच. माहेर ओतूरचं. वडिलांचा तिथं मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता, मुलगा नव्हता, म्हणून कॉईल गुंडाळायला ते मुलीला बसवायचे. लग्नानंतर त्यांनी ते काम सासरी आणलं. आजूबाजूच्या बऱ्याच गावांतले फाटलेले, जळलेले, भिजलेले स्पीकर शेवटी त्यांच्याच मांडीवर यायचे.

मी आत गेलो तेव्हा एक मोठा स्पीकर त्यांच्या मांडीवर होता. त्याच्या कागदी कोनावर दोन्ही अंगठे ठेवून त्या तो हलकेच आत दाबत होत्या आणि कान अगदी जवळ नेऊन ऐकत होत्या. आतली तांब्याची कॉईल चुंबकाला घासते का, ते असं कळतं, हे मला नंतर समजलं. मी तक्रार सुरू केली. त्यांनी एक बोट वर केलं. मी गप्प झालो. कोन दोनदा आत-बाहेर झाल्यावरच त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, यातून काय ऐकवायचंय तुम्हाला?"

सूचना, दवंडी, असं मी म्हणालो.

"किती लांब?"

ते मला सांगता आलं नाही.

"म्हणून तर थांबवलाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हलका होता की मला पुढं वाकावं लागलं. सगळ्यांनाच लागायचं. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, तरी भाभींनी कधी आवाज चढवला नाही. समोर जाऊन बसायच्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलायच्या.

त्या दिवशी त्यांनी मला भांडू दिलं नाही, पण तासभर बसवून घेतलं. मागची फळी काढलेला एक मोठा बॉक्स भिंतीशी होता. त्यात तीन स्पीकर, खाली मोठा, मध्ये मधला, वर अंगठा-बोटाच्या बेचकीत मावेल एवढा बारका. शेजारी पत्र्याचा भोंगा. मोबाइलवर त्यांनी आपल्याच आवाजात गावांची नावं वाचून ठेवली होती. बाकीच्या वायरी काढून त्यांनी आधी फक्त मोठा स्पीकर लावला आणि कुठलं गाव ते मला ओळखायला सांगितलं. दणदणीत आवाज आला. खिडकीची काच हलली. पण घोंगडीखालून कुणी बोलावं तसं ते होतं. मी लोणी म्हणालो, ते ओतूर निघालं.

मग फक्त बारका लावला. त्यातून नुसतं स्स, च्च, त्त ऐकू येत होतं. माणूस नव्हताच. मधला लावल्यावर मात्र माणूस खोलीत येऊन बसला. शेवटी त्यांनी भोंगा लावला आणि मला रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. आवाज नाकातून आल्यासारखा, कर्कश, अजिबात गोड नव्हता. पण बाजाराच्या गलक्यात, टेम्पोच्या हॉर्नमध्ये, मला सगळी गावं बिनचूक ओळखता आली.

परत आल्यावर त्यांनी समजावलं. मोठ्याचा कागद जड, तो सावकाश हलतो आणि खूप हवा ढकलतो, म्हणून ढोलाचा ठोका त्याचा. बारक्याचा पडदा हलका, तो फार वेगानं थरथरतो, म्हणून झांजेचा चरचराट त्याचा, पण तो आवाज लांब जात नाही, आडवं झाड आलं तरी अडतो. माणसाचं बोलणं मधल्यात असतं. आणि भोंग्याच्या मागच्या डबीत, ज्याला सगळे युनिट म्हणतात, एक लहानसा पडदा असतो. त्याचा आवाज आधी अरुंद गळ्यातून जातो, मग पसरत्या तोंडातून एकाच दिशेला निघतो. त्याला ठोका नाही, चरचराट नाही. नुसतं बोलणं आहे.

"मोठा आवाज वेगळा आणि लांबचा आवाज वेगळा," त्या म्हणाल्या. "लोक मोठा मागतात. त्यांना लांबचा पाहिजे असतो."

आमचा स्पीकर त्यांनी नीट केला, पण तो ग्रामपंचायतीच्या खोलीतच वापरा असं बजावून दिला.

त्यानंतर बाजारच्या दिवशी मी तिथं डोकावू लागलो. सूर्य कलायला लागला की त्या हातातलं काम ठेवून जेवायला उठायच्या, मग समोर कुणीही असो. कुठलाही स्पीकर तपासताना टॉर्चमधला सेल त्याच्या दोन टोकांना टेकवायच्या. कोन पुढं उडी मारतो की मागं, ते पाहून वायर सुलटी की उलटी ते सांगायच्या. आणि आवाज कसा येतोय असं विचारणाऱ्या माइकवाल्याला हमखास म्हणायच्या, "पोचला की नाही, ते बोलणाऱ्यानं ठरवायचं नसतं. जा, ऐकणाऱ्याला विचारून ये."

एकदा मी तिथं असताना एका मंडळाची चार-पाच पोरं आली. गणपतीची मिरवणूक दोन दिवसांवर होती. जळालेले चार अठरा इंची स्पीकर परवापर्यंत पाहिजेत, असं त्यांनी फर्मावलं. भाभींनी मिरवणूक कुठून जाणार ते विचारलं. वाटेत एक बोळ होता, दोन्ही बाजूंनी जुनी घरं असलेला. पुढच्या पोराचे आजोबा तिथंच राहत होते, छातीचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, हे भाभींना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, बोळात मोठे बंद ठेवणार असाल तर करून देते. एकानं दणकन टेबलावर हात मारला. दुसऱ्यानं दुकानाच्या काचेकडे पाहून काहीतरी पुटपुटलं. यजमान पुढून उठून आले. मीही उभा राहिलो.

भाभी बसूनच होत्या. त्यांनी दुरुस्त झालेला एक अठरा इंची बॉक्स चालू केला, त्या पुढच्या पोराला जवळ बोलावलं आणि त्याला त्याच्याच छातीवर हात ठेवायला सांगितलं. ठोका सुरू झाला. पोराचा चेहरा हळूहळू उतरला.

"तुझी छाती पंचविशीची आहे," भाभी म्हणाल्या.

पोरं तशीच निघून गेली. दोन दिवस यजमानांनी दुकानाचं अर्धं शटर खालीच ठेवलं. पण मिरवणुकीच्या सकाळी तोच पोरगा एकटा आला, मान खाली घालून स्पीकर घेऊन गेला, आणि बोळात फक्त झांजा वाजल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावाला एका संस्थेनं दोन मोठे बॉक्स भेट दिले. दरड पडायची भीती असलेली गावं, अशी काहीतरी यादी त्यांच्याकडे होती. बॉक्स देखणे होते, काळे, चाकं लावलेले, वाजवलं की रंगीत दिवे लागणारे. पाहुण्यांनी फोटो काढले, सरपंचांनी नारळ फोडला. मला मात्र भाभींचं "किती लांब?" आठवलं. मी भाभींना सांगितलं. त्या सकाळच्या एसटीनं आल्या, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि एक वही घेऊन.

त्यांनी बॉक्स देवळापाशी ठेवायला सांगितले. मारुतीचं देऊळ खालच्या वाडीच्या बाजूला उघड्या खडकावर होतं, आणि काही झालंच तर सगळ्यांनी तिथं जमायचं असं ठरलं होतं. माइकवर मला बसवलं आणि एक वाक्य दिलं, "घरात थांबू नका." मी ते पाच-पाच मिनिटांनी म्हणायचं. तोवर भाभी अंगणवाडीच्या मंगलताईंना घेऊन एकेका घरी गेल्या. काय ऐकू आलं, ते प्रत्येकाला विचारून त्या वहीत लिहीत होत्या.

दुपारी परत आल्यावर त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. खालच्या वाडीत सगळ्यांना कळलं होतं. मधल्या वाडीत निम्म्यांना. वरच्या वाडीत आवाज सगळ्यांना आला होता, चांगला मोठा आला होता. पण पाच घरांनी सांगितलं होतं, घरात थांबा.

मी ती पाच नावं पुन्हा वाचली.

शेवटचा "नका" कड्यावर आपटून परत आलेल्या आवाजात बुडत होता. भाभींनी बॉक्सची जाळी काढून आत पाहिलं. दोन मोठे आणि एक बारका. मधला नव्हताच. नाचायला ठीक, त्या म्हणाल्या.

सरपंच ऐकायला तयार नव्हते. देणाऱ्यांचा अपमान होईल, वरून फोटो पेपरात आलेत, असं त्यांचं म्हणणं. भाभी शांतपणे म्हणाल्या की बॉक्स आहेत तिथंच राहू द्या, मी माझे दोन भोंगे देवळावर बांधते. आठवड्याभरात त्यांनी ते बांधलेही. एक वरच्या वाडीकडे तोंड करून, एक मधल्या. वीज गेली तरी चालावेत म्हणून गाडीची बॅटरी जोडली. आणि वाक्यही बदललं. ते नकारार्थी असता कामा नये, कारण "नका" हरवला तर उलटाच अर्थ होतो. मोठं असता कामा नये. म्हणून, "देवळाकडं या." एवढंच. एकदा म्हणायचं आणि गप्प बसायचं. कडा ते परत म्हणतो, त्याचं म्हणून होऊ द्यायचं, मग पुन्हा.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक नाव वेगळं लिहिलं होतं. वरच्या वाडीतली ठकूआजी. ठार बहिरी. समोर लिहिलं होतं, हिला आणायला माणूस गेला पाहिजे.

त्या वर्षी श्रावणात पाच दिवस पाऊस थांबला नाही. वरच्या वाडीकडचा भोंगा बंद पडला, म्हणून मी खालच्या दगडावर उभा राहून भाभींना फोन केला. अशा पावसात त्या येतील असं वाटलं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं आल्या. युनिटच्या डबीत ओल जाऊन पडदा गेला होता. त्यांनी तिथंच देवळात बसून नवा बसवला. अकरा वाजेपर्यंत काम झालं होतं. परतीच्या गाडीला वेळ होता. पण वर जाऊन ऐकल्याशिवाय जाणार नाही म्हणाल्या, आणि मंगलताईंचे मालक दत्तू यांना घेऊन वर निघाल्या. मीही मागून गेलो.

त्यांची चालायची एक रीत होती. किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून पाऊल टाकायच्या आधी त्या जमीन पाहायच्या. आम्ही छत्र्या सावरत समोर बघून चाललो होतो, त्या खाली बघून. सखाराम नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागं त्या थांबल्या. गवतात एक भेग होती. त्यांनी छत्रीचं टोक तिच्यात घातलं. ते वीतभर आत गेलं.

सखाराम गोठ्यातून बाहेर आला. पन्नाशीचा, काटक माणूस. "दरसाल पडतीया भेग, भाभी," तो म्हणाला. "पावसाळा सरला की बुजती. आमी जन्मापासनं बघतुया."

भाभींनी वाद घातला नाही. भेगेच्या दोन्ही अंगांना दत्तूकडून एकेक काठी ठोकून घेतली, पिशवीतून कॉईल गुंडाळायची बारीक तार काढली आणि दोन्ही काठ्यांना ताणून बांधली. मग आम्ही सखारामच्या पडवीत बसलो. त्याची बायको हिराबाई हिनं चहा टाकला. पाण्याचा पाट गोठ्याशेजारून वाहत होता आणि तो सकाळपासून तांबडा झालाय, असं हिराबाई सहज म्हणाली. चहा पिऊन होतो न होतो तोच भाभी उठून पाहायला गेल्या. मी मागोमाग गेलो. तार तुटली होती.

सरपंच तालुक्याला गेले होते. दगडावर उभं राहूनही फोन लागेना. गाव हलवायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं, आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते मला अजून आठवतं. लोक भिजत देवळात येतील, संध्याकाळपर्यंत काही होणार नाही, सगळे हसतील, आणि पुढच्या वेळी कुणी येणार नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"हसले तर मीही हसेन त्यांच्याबरोबर," भाभी म्हणाल्या. "चला."

देवळात येऊन मी माइक हातात घेतला. काय बोलायचं ते पाठ होतं. पण मी ओरडत सुटलो. दरड, भेग, लवकर, ताबडतोब, असं बरंच काही. बाहेर उभं राहून ऐकणाऱ्या भाभी निथळत आत आल्या.

"भाऊ, काही कळत नाही. तुम्ही घाबरलात, तेवढं मात्र कळतंय."

त्यांनी माइक माझ्या हातातून घेतला आणि मंगलताईंना दिला. मंगलताईंचा आवाज बारीक आणि धारदार, पोरांना हाका मारून मारून तसा झालेला, आणि वाडीत सगळ्यांच्या ओळखीचा. त्या म्हणाल्या, "वरची वाडी. देवळाकडं या." आणि थांबल्या. कडा म्हणाला, देवळाकडं या. पाऊस ऐकू येऊ लागला. मग पुन्हा.

पाचव्यांदा म्हणून झालं तेव्हा पाऊलवाटेवर पहिलं माणूस दिसलं. मग दुसरं. प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या बायका, काखेत पोरं, एकाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी. मी दारात उभा राहून नावं मोजत होतो. सखाराम आणि हिराबाईही आले. आठ घरं पुरी झाली. ठकूआजी नव्हती. तिच्या घरची माणसं सकाळीच खाली भात लावायला गेली होती, ती खाचरातून परस्पर देवळात आली. प्रत्येकाला वाटलं, आजीला दुसऱ्यानं आणलं असेल.

मी दत्तूला जायला सांगेपर्यंत भाभी पायरी उतरल्या होत्या. मी थांबा म्हणालो. त्या म्हणाल्या, दत्तूला ती दार उघडणार नाही, मला ओळखते. ते खरंही होतं. वही घेऊन फिरताना त्या तिच्याजवळच सगळ्यात जास्त वेळ बसल्या होत्या. दोघं पावसात दिसेनासे झाले. मंगलताईंचा नवरा वर गेला होता आणि त्या न चुकता, न घाई करता तेच वाक्य म्हणत होत्या.

अर्धा तास गेला असेल. दत्तूच्या पाठीवर ठकूआजी आणि मागं एका हातानं तिची काठी धरलेल्या भाभी वाटेवर दिसल्या. मी पुन्हा माणसं मोजली. एक कमी भरत होता, सखाराम.

हिराबाई खांबाला टेकून बसली होती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दावी सोडाया गेलं. गाय गाभण हाय न्हवं."

भाभी आत येत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि जागच्या जागी थांबल्या. तो त्यांना वाटेत भेटला होता. त्या त्याला म्हणाल्या होत्या, वर जाऊ नका. "आलोच, भाभी," म्हणून तो बाजूनं पळत गेला होता. दत्तूच्या पाठीवर म्हातारी होती, वाट निसरडी होती, त्याला अडवायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

दत्तू परत फिरला. तो पहिल्या बांधापर्यंतही पोचला नसेल, तोच पायाखालचा खडक थरथरला. आधी आवाज आलाच नाही. मग आला तो कुठून येतोय ते कळेना. ढगात काही दिसत नव्हतं. तो आवाज बराच वेळ चालला आणि थांबला तेव्हा पाऊसही थांबल्यासारखं वाटलं. ढग हलल्यावर वर पाहिलं तर नऊ घरांच्या जागी तांबडी माती होती.

दोन गुरं जिवंत सापडली, दावी सोडलेली. सखाराम दुसऱ्या दिवशी सापडला. गाईच्या गोठ्यात.

पुढं बरेच लोक आले. चिखलात गाड्या रुतल्या, कॅमेरे आले. वरची वाडी भोंग्यानं वाचवली, असं म्हणू लागले. भाभींचा सत्कार करायचं ठरलं. त्या आल्या नाहीत. दुकानाची मागची खोली महिनाभर बंद होती. बाजारच्या दिवशी मी गेलो की यजमान नुसती मान हलवायचे. एकदाच भाभी दारापर्यंत आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "भाऊ, मी त्यांना सांगितलं तेव्हा पाटाचं पाणी केवढं वाजत होतं? त्यांना ऐकू आलं असेल का?"

मी म्हणालो, आलं असेल. आलोच, असं म्हणाला ना तो.

"तेवढं तर माणूस न ऐकताही म्हणतो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सखारामचं तेरावं झाल्यावर त्या हिराबाईला भेटायला आल्या. मी बरोबर होतो. हिराबाई खालच्या वाडीत भावाच्या घरी होती. आधी हिराबाईच बोलली. आवाजात राग नव्हता.

"त्यानला समदं ऐकू आलं व्हतं, भाभी. भोंग्याचं बी आलं आन् तुमचं बी आलं असंल. पर गुरांचं काय करायचं, त्ये कुनी सांगितलंच न्हाई."

भाभींनी पिशवीतून वही काढली आणि विचारलं, तुमच्याकडे गुरं किती होती, कुठं बांधत होतात, दावं कसलं होतं, सोडलं तर जनावर आपणहून खाली येतं का. हिराबाईनं सगळं सांगितलं. तिथून उठून भाभी मधल्या वाडीत गेल्या आणि तिथल्या प्रत्येक घरी हेच विचारलं. हिवाळाभर त्या अशाच येत राहिल्या. कधी भोंग्याच्या कामाचं निमित्त असायचं, कधी नसायचं. त्या पुन्हा नीट जेवायला लागल्यात, असं यजमानांनी मला सांगितलं ते त्याच सुमाराला.

माझी बदली जुन्नरच्या बाजूला झाली. भाभी गेल्याचं मला महिन्यानंतर कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी केलेल्या फोनवर. झोपेतच गेल्या म्हणे. मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं ते बदलीच्या आधी, दरड पडली त्याच्या पुढच्या जूनमध्ये.

वरची वाडी तोवर खाली पत्र्याच्या खोल्यांत आली होती, पण मधली वाडी अजून उताराखालीच होती. पावसाआधी भोंगे तपासायला भाभी आल्या होत्या. नवं वाक्य ठरलं होतं, "दावी सोडा. देवळाकडं या." सांगणार कोण, असं मी विचारलं. मंगलताई होत्याच. पण भाभींनी हिराबाईला बोलावून घेतलं होतं. मला ते क्रूर वाटलं. मी तसं हळूच म्हणालोही. त्या म्हणाल्या की मी तिला विचारलंय, आणि ती हो म्हणालीय.

भाभी स्वतः ऐकायला गेल्या. मधल्या वाडीच्याही पलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला शेवटचं खाचर होतं, तिथवर. जाताना प्रत्येक पावलाला खाली बघत होत्या. देवळाच्या पायरीवरून त्या मला बोटाएवढ्या दिसत होत्या.

हिराबाईनं माइक धरला. "दावी," ती म्हणाली, आणि पुढं काही बोलेना. भोंग्यातून नुसता तिचा श्वास येत होता. कड्यानं तिचा तो एक शब्द परत आणून दिला. मंगलताईंनी हात पुढं केला, मी मान हलवून त्यांना थांबवलं. शेवटच्या खाचरात भाभी हलल्या नाहीत. त्यांनी खूण केली नाही, छत्री हलवली नाही. नुसत्या देवळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग हिराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दावी सोडा." थांबली. कड्याचं म्हणून होऊ दिलं. "देवळाकडं या."

लांब खाचरात भाभींनी एक हात वर केला. हिराबाईला तो दिसेपर्यंत तो तसाच वर ठेवला.